भरून पावलो

उन्हाळ्यातले तीन महिने मी तंजावरला होते. हातात एका तमिळ कथासंग्रहाचा अनुवाद होता, दुपारी सरस्वती महालात बसून जमेल तेवढं मोडी वाचायचं ठरवलं होतं, आणि राहायला खोली मिळाली ती श्रीनिवासपुरममध्ये. घरमालकिणीला मी अक्का म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात तिनं बजावलं, "मागची खिडकी रात्री लावून घे, अम्मा. उकाडा परवडला." दोन रात्री मी ऐकलं नाही. तिसऱ्या रात्री वारा फिरला आणि जळक्या प्लास्टिकचा वास उशीपर्यंत आला. मागच्या अंगाला जेबमालैपुरम. तंजावर महापालिकेचा कचरा तिथे पडतो, आणि उन्हाळ्यात तो पेटतो. साचलेला जुना कचरा यंत्रांनी चाळून वेगळा करायचं काम अलीकडे इथेही काढलं गेलं, पण ढिगाच्या सावलीत राहणाऱ्यांनी खिडक्या लावायची सवय सोडलेली नाही.

सरकारी तमिळमध्ये या जागेला 'कुप्पै किडंगु' म्हणतात. कुप्पै म्हणजे कचरा, किडंगु म्हणजे कोठार, गोदाम. गोदामात माल ठेवतात तो पुढे कधीतरी बाहेर काढायचा असतो म्हणून. इथे माल फक्त येतो. आपल्या 'डेपो'चीही तीच गत आहे. एसटीच्या डेपोतून निदान सकाळी गाडी सुटते.

मी अनुवादत होते त्यातल्या एका कथेत ढिगाशेजारी राहणारी एक म्हातारी आहे आणि तिला मिळालेल्या पैशासाठी 'नष्टईडु' हा शब्द येतो. 'नष्टम्' संस्कृतातून गेलेलं, 'ईडु' मात्र अस्सल तमिळ. ईडु म्हणजे बरोबरीचं, तोडीचं. गहाण ठेवलेल्या वस्तूलाही हा शब्द चालतो. शुद्ध तमिळच्या आग्रहानं आता 'इळप्पीडु' लिहितात, त्यातही शेपटाला ईडु आहेच. म्हणजे जे गेलं त्याच्या तोडीचं काहीतरी. मराठीत मी हात सरावल्यासारखा 'नुकसानभरपाई' लिहिला आणि मग अडले. आपल्या शब्दाचा पहिला तुकडा अरबी-फारसीतून आलेला, दुसरा देशी, आणि दुसऱ्याचा मूळ अर्थ निराळाच. जुन्या देण्याघेण्यात भरपाई म्हणजे पूर्ण रक्कम पोचल्याची पावती. 'भरून पावलो' हा प्रयोग त्याच घरातला. म्हणजे भरपाई लिहून देणारा असतो तो घेणारा. त्यानं सही केली की व्यवहार मिटला, त्यानं नाही केली तर देणेकऱ्याच्या डोक्यावर ओझं कायम. आजच्या वापरात शब्दानं बाजू बदलली आहे. सरकार भरपाई 'देतं', कंपनी भरपाई 'जाहीर करते', आणि भरून पावल्याचं घेणाऱ्यानं म्हणायचं असतं याची कुणाला आठवण राहिलेली नाही. कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहणाऱ्यांचा इतिहास वाचायला बसले तेव्हा हा बदललेला शब्द माझ्या वाटेत सारखा येत राहिला.

अक्काच्या घरापासून जवळच सेव्वप्पनायक्कन वारी नावाची वस्ती आहे. मराठी कानाला वारी म्हटलं की पंढरपूर दिसतं. इथली वारी पाण्याची. सेव्वप्प नायक हा सोळाव्या शतकातला, तंजावरच्या नायक घराण्याचा पहिला राजा. त्याच्या नावाच्या तळ्यातलं पाणी मोठ्या देवळाजवळच्या शिवगंगा तळ्यात आणायचं आणि तिथून जमिनीखालच्या वाटांनी राजवाड्याकडे आणि गावातल्या विहिरींकडे न्यायचं, अशी 'जलसूत्र' नावाची व्यवस्था होती. पुढे भोसल्यांनी ती वापरली, आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर तळी, विहिरी आणि शहराखालची गटारं बांधल्याचं श्रेय आहे. गावाचं पाणी जिकडून यायचं त्याच अंगाला आता गावाचा कचरा जातो. यात तंजावरचं काही विशेष आहे असं नाही. तळी, दलदली, पडक्या खाणी, गावकुसाबाहेरच्या जमिनी यांना नगरपालिकेच्या दप्तरात 'मोकळी जागा' म्हणतात. चेन्नईत पेरुंगुडीचा ढीग पळ्ळिकरणैच्या पाणथळीत उभा राहिला, मुंबईत देवनारचा खाडीकाठच्या दलदलीत.

आता माझं सांगते, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं वाटेल. मी पुण्याची, पौड रस्त्यावर वाढलेली. आमच्या लहानपणी पुण्याचा कचरा कोथरूडच्या डेपोत पडत असे. पावसाळ्याच्या सुरुवातीला माश्या येत, आई ताटावर ताट झाकून ठेवी, पाहुणे आले की बाबा उदबत्ती लावत. मग लोकांनी तक्रारी केल्या, आमच्या भागात डॉक्टर, वकील, प्राध्यापक राहायला आले, आणि डेपो बंद झाला. आमच्या गल्लीत त्याचा आनंद झाला हे मला स्वच्छ आठवतं. भाव वाढले. त्याच जमिनीवर शिवसृष्टी करायची की मेट्रोचा डेपो, यावर पुढे पुण्यात बरीच वर्षं वाद झाला आणि शेवटी वनाजचा मेट्रो डेपो झाला. कचरा गेला कुठे, हे आमच्या घरी कुणी विचारल्याचं मात्र आठवत नाही.

तो गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या शिवेवर. पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पुढे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून दिवेघाटाकडे जाते ती उरुळी देवाचीवरून. डेपो तिथे त्याआधीही होता, पण कोथरूड मिटल्यावर सगळा भार तिकडे गेला आणि जागा वाढत वाढत १६३ एकरांवर पोचली. शहर रोज हजार टनांहून जास्त कचरा तिकडे पाठवू लागलं. ओला-सुका एकत्र. कुजणाऱ्या कचऱ्यातून जो काळा रस झिरपतो त्याला इंजिनिअर लीचेट म्हणतात; गावकऱ्यांना त्याच्यासाठी वेगळ्या शब्दाची गरज पडली नाही, विहिरीचं पाणी तांबडं झालं एवढं सांगितलं की पुरे. विहिरी गेल्या, बोअर गेल्या. महापालिकेनं टँकर सुरू केले.

या टँकरपाशी मला थोडं थांबायचं आहे. उरुळी-फुरसुंगीला मिळालेली ती पहिली ठळक भरपाई. पण टँकर म्हणजे काय? पाणी गेलं त्या बदल्यात पाणी. नुकसान रोज होतं म्हणून भरपाईही रोज येते. ज्या दिवशी ती येत नाही त्या दिवशी बायका हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या. आणि टँकर पाठवणारी ती, कचऱ्याच्या गाड्या पाठवणारीही तीच. गावानं गाड्या अडवल्या तर टँकरचं काय होणार, ही धाकधूक कुणी बोलून दाखवायची गरज नसते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नळयोजना दोन्ही गावांसाठी मंजूर झाली आणि वर्षानुवर्षं रेंगाळली. तोवर टँकर.

दुसरी भरपाई नोकऱ्यांची. डेपोत जमीन गेलेल्यांच्या घरातल्या मुलांना महापालिकेत घ्यावं, ही मागणी प्रत्येक आंदोलनात होती आणि प्रत्येक तोडग्यात तिचं आश्वासन. मागणी रास्त होती. शेत नासलं, तर पोरानं करायचं काय? पण ज्या संस्थेनं शेत नासवलं तिच्याच हजेरीपटावर पोराचं नाव लागलं की घरात भांडण कुणाविरुद्ध करायचं हा प्रश्न पडतो. मी हे हिणवून म्हणत नाही. मराठी मुलखाला ही रचना फार जुनी ओळखीची आहे, एवढंच मला दिसतं.

महारवतन ही ती जुनी रचना. गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं, वेस राखायची, सरकारी टपाल पोचवायचं, मर्तिकाची कामं करायची, आणि बदल्यात इनाम जमिनीचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं, मेलेल्या जनावराचं कातडं, प्रेतावरचं वस्त्र. याला 'बावन हक्क' म्हणत. शब्द हक्क. बेदरच्या बादशहानं ते दिले अशी परंपरेतली कथा सांगितली जाते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, कारण त्यांना दिसत होतं की हा हक्क म्हणजे बेडी आहे. मोबदला इतका तुटपुंजा की पोट भरत नाही, पण सोडावा तर जमीन जाते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणूस त्याच कामाला आणि त्याच गावाच्या मर्जीला बांधलेला. विधेयक तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. त्यांच्या सगळ्या मांडणीचं मर्म असं की घाणीजवळ राहण्याबद्दल जे मिळतं त्याला हक्क म्हटल्यानं घाणीपासून दूर जाण्याचा हक्क मिळत नाही. उरुळीचा शेतकरी आणि वतनदार महार यांची बरोबरी मी करत नाही. जातीच्या उतरंडीत ते एका पायरीवर नव्हते आणि नाहीत. पण ढीग हलू नये म्हणून शेजाऱ्याला काहीतरी देत राहायचं, ही युक्ती नगरपालिकांनी शोधून काढलेली नाही.

गंमत अशी की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पैसा उलट्या दिशेनं वाहत होता. मुठा कालव्याचं पाणी पुण्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात खेळू लागलं तसा ऊस आला, आणि उसाला खत हवं. पुण्याच्या नगरपालिकेचं मैल्याचं खत, आपण ज्याला सोनखत म्हणतो ते, शेतकरी पैसे मोजून घेत. नाव उगाच सोनखत पडलं नव्हतं. अर्थात ते गोळा करून वाहणाऱ्यांच्या अंगाला त्या सोन्याचा कण लागला नाही. घरच्या उकिरड्याचं तर बारा वर्षांनी दैव फिरतं असं आपण म्हणतोच. उकिरडा आपल्या दारामागे असतो, आपलंच शेण-राख त्यात जाते आणि आपल्याच शेतात तो उपसला जातो. मग प्लास्टिक आलं, काचा, बॅटऱ्या, इंजेक्शनच्या सुया आल्या, रासायनिक खत स्वस्त झालं, आणि शहराच्या कचऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. जे विकलं जात होतं ते ठेवून घेण्याबद्दल पैसे द्यायची पाळी आली. 'कचऱ्याच्या शेजाऱ्याला भरपाई' हा प्रश्न या वळणावर जन्मतो, त्याआधी नाही.

आता २०१५ चा जानेवारी. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी नव्या वर्षापासून गाड्या येऊ देणार नाही असं सांगितलं होतं आणि अडवल्या. पुण्यात चौकाचौकांत ढीग साचले. आमच्या सोसायटीच्या बैठकीत चिडचिड झाली. तेव्हा मी एक वाक्य बोलले होते आणि ते आज लिहिताना बोटं अडखळतात: "एकदाचे किती पैसे हवेत यांना?" बैठकीत कुणालाही ते वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढे जुन्या बातम्या चाळताना लक्षात आलं की गावकरी 'किती' बोलतच नव्हते. ते 'कधीपर्यंत' विचारत होते. प्रत्येक आंदोलन एका तारखेवर सुरू होतं आणि दुसऱ्या तारखेवर संपतं. अमुक महिन्यापासून उघड्यावर कचरा टाकणं बंद, अमुक महिन्यांत ढिगावर माती टाकून तो झाकू, रोज हजार टन कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प अमुक दिवशी पूर्ण ताकदीनं चालेल. प्रकल्प उभा राहिला आणि कधी त्या ताकदीनं चालला नाही. काही ढीग झाकले, शेजारी नवे वाढले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली, धूर दिवसेंदिवस राहिला, आणि लोकांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ गाड्या रोखल्या. मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर आंदोलन थांबलं: पुन्हा नोकऱ्या, पुन्हा पाणी, पुन्हा मुदत. गावात पोरांची लग्नं जमत नाहीत, मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही, ही तक्रार त्या वर्षांत वारंवार छापून आली. तिच्यापुढे टँकरची खेप काय मांडणार?

यात एक गुंतागुंत आहे आणि ती सोडून पुढे जाणं बरोबर होणार नाही. ढिगावर पोट भरणारी माणसंही ढिगाची शेजारीच आहेत. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायका दलित समाजातल्या, आणि त्यांचं म्हणणं असं की कचऱ्यावर आमचा कामगार म्हणून हक्क आहे. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम बायकांच्या हाती आलं. ढीग बंद होणं गावकऱ्याला सुटका वाटते, ढिगावर वेचणाऱ्याला उपासमार. दोघांना एकाच 'बाधित' रकान्यात भरून सारखा चेक देता येत नाही. घरातच ओला-सुका वेगळा झाला तर दोघांचंही भलं होतं, पण त्यासाठी हात चालवायचे ते आमच्या सोसायटीनं, आणि आम्हाला तर विचारायचं होतं 'किती'.

सरस्वती महाल राजवाड्याच्या आवारातच आहे. तिथे जाता-येता मला भरपाईच्या इतिहासातलं आणखी एक प्रकरण आठवे; त्याचा कचऱ्याशी काही संबंध नाही, पण ते याच वाड्यातलं आहे. १८५५ च्या ऑक्टोबरात तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले. मुलगा नव्हता. कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं आणि पुढच्या वर्षी वाड्यात शिपाई घालून राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरली राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि जिंकली. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं. १८५९ च्या निकालात लॉर्ड किंग्जडाउन यांनी, कंपनीचा या मालमत्तेवर कसला कायदेशीर हक्क होता हे कागदपत्रांत शोधूनही दिसणं कठीण आहे, असं मान्य केलं. आणि तरी राणी हरली. ही सार्वभौम सत्तेनं केलेली कृती आहे, न्याय्य असो वा अन्याय्य, कुठल्याही साध्या न्यायालयाला तिच्यात शिरता येत नाही, असं ठरलं. वकिलीच्या पुस्तकांत 'अॅक्ट ऑफ स्टेट' शिकवताना हा तंजावरचा खटला अजून येतो. त्यानंतर १८६२ मध्ये सरकारनं बरीच मालमत्ता वारसांना परत दिली. कोर्टानं दिलेला हक्क म्हणून ती आली नाही, सरकारच्या मनात आलं म्हणून आली. वस्तू त्याच असतील, पण घेणाऱ्याचा हात कुठल्या उंचीवर होता यानं फरक पडतो. राणीला भरपाई मिळाली असं कुणी म्हणेलही. 'भरून पावले' असं ती म्हणाली असती का, हे विचारायची सोय ठेवलेली नव्हती.

स्वतंत्र भारतात कायदा पुष्कळ पुढे आला. तमिळनाडूच्याच वेल्लोर भागात चामडं कमावण्याच्या कारखान्यांनी पालार नदीचं खोरं नासवलं, त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं 'जो प्रदूषण करील तो भरेल' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केलं आणि शेतकऱ्यांचं नुकसान मोजायला प्राधिकरण नेमायला लावलं. त्याच वर्षी अल्मित्रा पटेल यांची शहरी कचऱ्याबद्दलची याचिका दाखल झाली आणि तिच्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. ढीग कसा रचावा, तळाला काय अंथरावं, झिरपा कसा अडवावा, हे सगळं त्यात आहे. शेजाऱ्याला काय द्यावं ते नाही. २०१० च्या कायद्यानं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आलं आणि प्रदूषणग्रस्ताला भरपाई मागायची थेट जागा झाली. पण कलम १५ मध्ये एक अट आहे: भरपाईचं कारण प्रथम ज्या दिवशी उद्भवलं तिथपासून पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा. कारखान्यात स्फोट झाला तर तो दिवस सांगता येतो. विहीर कुठल्या दिवशी बिघडली? पहिल्यांदा पाण्याला वास आला तेव्हा, जनावरानं तोंड फिरवलं तेव्हा, की प्रयोगशाळेचा कागद आला तेव्हा? कायद्यातली भरपाई घडून गेलेल्या गोष्टीची असते. ढीग घडून जात नाही.

बाहेरच्या जगानं या अडचणीवर निरनिराळे तोडगे काढले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९८८ च्या कायद्यानं ज्या गावात भराव आहे त्या गावाला टनामागे एक डॉलर देणं बंधनकारक केलं. निदान हिशेब उघड आहे आणि रक्कम कुणाच्या मर्जीवर नाही. पण त्यानं गावाचं अंदाजपत्रकच कचऱ्यावर चालू लागतं. कचरा कमी झाला तर शाळेच्या छपराला पैसे कमी. जकार्ताचा कचरा १९८९ पासून शेजारच्या बेकासी शहराच्या हद्दीत, बांतारगबांगला जातो, आणि ढिगाभोवतीच्या कुटुंबांना मिळणाऱ्या रकमेला लोकांनी नाव ठेवलंय 'उआंग बाउ'. उआंग म्हणजे पैसे, बाउ म्हणजे वास. वासाचे पैसे. अनुवादक म्हणून मला हा शब्द फार आवडला. तो काही भरून निघाल्याचा दावाच करत नाही. वास आहे, पैसे आहेत, दोन्ही येत राहतात.

आणि टोकियो. साठच्या दशकात शहराचा कचरा समुद्रकाठच्या कोतो प्रभागात, 'स्वप्नांचं बेट' असं नाव असलेल्या भरावावर पडत असे. १९६५ मध्ये तिथून माश्यांचे थवे उठून वस्तीत शिरले. १९७१ मध्ये राज्यपाल मिनोबे र्योकिची यांनी 'कचऱ्याचं युद्ध' जाहीर केलं. सुखवस्तू सुगिनामी प्रभागानं आपल्याकडे कचरा जाळण्याची भट्टी नको म्हणून विरोध चालवला होता, तेव्हा १९७३ मध्ये कोतोनं सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. कोतोचं भांडण रकमेसाठी नव्हतं. आपापल्या प्रभागानं आपापल्या कचऱ्याचं पाहावं, असं ते सांगत होते. सुगिनामीत शेवटी भट्टी झाली. मी हे वाचलं तेव्हा कोथरूड आणि उरुळी ही दोन नावं त्या दोन प्रभागांच्या जागी आपोआप बसली. आपल्याकडे उरुळीनं गाड्या अडवल्या होत्याच. कोथरूडच्या गाड्या वेगळ्या ओळखून अडवणं तेवढं कुणाला सुचलं नाही.

उरुळी-फुरसुंगीला मात्र तिसरी, सगळ्यात मोठी भरपाई मिळाली: पुणे शहर. २०१७ च्या ऑक्टोबरात अकरा गावं महापालिकेत घेतली, त्यांत ही दोन्ही होती. आता ढीग 'गावाच्या' डोक्यावर नव्हता, शहराचा शहरातच होता. नकाशा बदलून शेजारी नाहीसा करता येतो हे मला त्याआधी माहीत नव्हतं. नळ, रस्ते, दिवे येतील असं सांगितलं गेलं. त्यांच्याआधी आली शहराच्या दरानं घरपट्टी. ज्यांनी तीस वर्षं शहराचा कचरा सोसला ते आता तो सोसण्याचा कर भरू लागले. नाराजी इतकी वाढली की २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं जाहीर केलं आणि २०२४ च्या सप्टेंबरात तशी अधिसूचना निघाली. राज्यात गावं शहरात जायला निघालेली असताना ही दोन शहरातून बाहेर पडली.

तंजावर सोडायच्या आदल्या रात्री मी अक्काला उरुळीची गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्या तमिळमध्ये. तिनं सगळं ऐकून घेतलं. टँकरबद्दल तिला काही विशेष वाटलं नाही; नोकऱ्यांचं ऐकून "चांगलं आहे की" म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुझं घर तिथून किती लांब?" मी म्हटलं, वीसेक किलोमीटर. "मग तुला वास कसा येतो?" मला उत्तर जुळवता आलं नाही, तमिळ कमी पडलं असं मी स्वतःला सांगितलं.

कथेतल्या म्हातारीसाठी मी 'नुकसानभरपाई' खोडून 'वासाचे पैसे' लिहिलं. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं आहे. अजून आमचा निर्णय झालेला नाही. इकडे फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषदेला इतर कुठल्याही नगरपरिषदेसारखी एक जबाबदारी आली आहे. तिला आता आपल्या घरांतला रोजचा कचरा न्यायला जागा शोधायची आहे.